वीज गेल्यावर मोबाइलचा टॉवर किती तास तग धरतो?

बाजारात वीज गेली म्हणून आता कोणी दुकान बंद करीत नाही. इन्व्हर्टर घरोघर झाले, मोठ्या पेढ्यांवर जनरेटर आले. दिवे चालू राहतात, पंखे फिरतात, गिऱ्हाईकही बसून राहते. परंतु वीज लवकर परतली नाही तर दोन-चार तासांनी दुसरीच अडचण उभी राहते. मोबाइलच्या पडद्यावरील रेघा कमी होत जातात आणि अखेर नाहीशा होतात. यूपीआयने पैसे देऊ पाहणारे गिऱ्हाईक फोन हातात धरून उभे राहते, ट्रक भरून तयार असतो पण ई-वे बिल निघत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही. दुकानात उजेड आहे आणि धंदा बंद आहे, अशी ही स्थिती असते.

याचे कारण उघड आहे. आपण आपल्या दुकानापुरती विजेची तजवीज केली. ज्या टॉवरवर आपला फोन चालतो त्याची तजवीज दुसऱ्याच्या हाती आहे आणि ती किती तासांची आहे हे आपल्या बिलावर कोठेही छापलेले नसते. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे, इंजिनिअर नव्हे. परंतु ज्या गोष्टीवर रोजची उलाढाल उभी आहे तिचा हिशेब समजून घेणे हे व्यापाऱ्याचे कामच आहे. हा हिशेब पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. टॉवर किती तास चालेल हे नशिबावर सोडलेले नसते. ते तास कोणीतरी आधी बसून, खर्च आणि उत्पन्न समोर ठेवून विकत घेतलेले असतात. ते कसे घेतले जातात, कसे घटतात आणि आपण त्यात काय करू शकतो, हे येथे सांगायचे आहे.

जुन्या टेलिफोनची रीत

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल की, पूर्वी वीज गेली तरी घरचा टेलिफोन चालू असे. त्या यंत्राला भिंतीतील विजेची गरजच नव्हती. त्याला लागणारी थोडीशी वीज एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवाटे येत असे आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग मांडलेली असे. या बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या होत्या. शिसे आणि आम्लाचा एक सेल २ व्होल्टचा, असे २४ सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. हा दाब माणसाच्या जिवाला फारसा धोक्याचा नाही आणि लांबच्या तारेवर बोलणे पोहोचवायला पुरेसा आहे, म्हणून तो जगभर रूढ झाला.

तांब्याची तार गेली, मोबाइल आला, परंतु ४८ व्होल्टची रीत राहिली. आजही टॉवरवरील यंत्रसामग्री बहुतेक ठिकाणी ४८ व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालते. जमिनीला जोडलेली बाजू धन ठेवतात, म्हणजे तांब्याला गंज कमी लागतो; हाही जुन्या तारांच्या काळातला धडा आहे. फरक पडला तो विस्तारात. पूर्वी शहरात एक एक्स्चेंज असे आणि त्याची राखण करायला चोवीस तास माणूस असे. आता देशात आठ लाखांहून अधिक टॉवर आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर रात्री कोणीही नसते. एक मोठा खजिना सांभाळणे सोपे. आठ लाख छोट्या गल्ल्यांवर लक्ष ठेवणे कठीण.

टॉवरच्या पायथ्याशी काय असते

आपण टॉवरचा लोखंडी सांगाडा आणि वरचे अँटेना पाहतो. विजेचा सारा कारभार खाली असतो. वीज मंडळाची एसी वीज आधी एका पॅनेलमध्ये येते. तीन फेजपैकी कोणता चांगला आहे ते हे पॅनेल पाहते, आणि वीज गेली तर जनरेटरला सुरू होण्याचा इशारा देते. पुढे रेक्टिफायर असतात. ते एसी विजेचे ४८ व्होल्टच्या डीसीमध्ये रूपांतर करतात. हे छोट्या खणांसारखे सुटे असतात. एक बिघडला तर बाकीचे भार उचलतात आणि बिघडलेला काढून दुसरा बसवता येतो.

याच तारेवर बॅटरी कायम जोडलेली असते. वीज असते तेव्हा दाब ५४ व्होल्टच्या आसपास ठेवतात, म्हणजे बॅटरी भरलेली राहते. वीज गेली की मध्ये कोणतीही कळ न दाबता भार बॅटरीवर येतो. एक क्षणही खंड पडत नाही, म्हणून चालू असलेले बोलणे तुटत नाही. बॅटरी उतरत ४३-४४ व्होल्टपर्यंत आली की एक स्वयंचलित कळ तिला तोडते, कारण त्याखाली नेल्यास बॅटरी कायमची खराब होते. आपल्या फोनच्या रेघा ज्या क्षणी जातात तो बहुधा हाच क्षण असतो.

काही ठिकाणी ही तोड दोन टप्प्यांत ठेवलेली असते. आधी जास्त वीज खाणारी रेडिओ यंत्रे बंद होतात आणि पुढच्या टॉवरांकडे संदेश नेणारी यंत्रे अखेरपर्यंत चालू ठेवतात. कारण काही टॉवर रेल्वेच्या जंक्शनसारखे असतात. त्यांच्यावरून दहा-वीस टॉवरांची वाहतूक जाते. जंक्शन बंद पडले तर ज्या टॉवरांकडे स्वतःची वीज शिल्लक आहे तेही मुके होतात.

आठ तासांचे दोन तास कसे होतात

आता आकड्यांकडे वळू. समजा एका टॉवरवरील यंत्रांना सुमारे ३ किलोवॅट वीज लागते, म्हणजे ४८ व्होल्टवर साधारण ६० अँपिअर. तेथे ६०० अँपिअर-तासांची नवी बॅटरी आहे. या मापाचा अर्थ असा की, ६० अँपिअर प्रमाणे ती दहा तास देईल. परंतु शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. पाचवा हिस्सा राखून ठेवतात. म्हणजे हाती राहिले आठ तास. कागदावर हे आठ तास दिसतात आणि ते खरेही असतात, फक्त पहिल्या दिवशी.

पहिली घट उष्णतेने होते. या बॅटऱ्या २५ ते २७ अंश तापमान धरून बनवलेल्या असतात. त्यापेक्षा तापमान १० अंशांनी सतत जास्त राहिले तर बॅटरीची हयात सुमारे निम्मी होते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात काय तापमान असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. अशी बॅटरी दोन-तीन वर्षांत अर्ध्या ताकदीवर आली तर आठ तासांचे चार तास उरतात.

दुसरी घट भार वाढल्याने होते. टॉवर एका कंपनीसाठी उभा राहतो, पुढे दुसरी कंपनी त्याच टॉवरवर भाड्याने येते. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली आणि तिची नवी यंत्रे जुन्या यंत्रांच्या जोडीला बसली. भार दुप्पट झाला आणि बॅटरी तीच राहिली तर चार तासांचे दोन तास होतात. प्रत्यक्षात दोनही भरत नाहीत, कारण शिशाच्या बॅटरीतून वीज भराभर काढली तर ती एकूण देतेही कमी.

तिसरी घट अपुऱ्या भरण्याने होते. रिकामी झालेली शिशाची बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला दहा तास किंवा अधिक लागतात. सकाळी सहा तास वीज गेली, दुपारी तीन तास आली, संध्याकाळी पुन्हा गेली, तर संध्याकाळी बॅटरी अर्धीही भरलेली नसते. ज्या भागात वीज वरचेवर जाते त्याच भागात टॉवर लवकर मान टाकतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. हप्त्याने माल घेणाऱ्या दुकानदाराला हे निराळे समजावून सांगायला नको. आधीची उधारी फिटण्याआधी नवी चढली की भांडवल दिसते तेवढे नसते.

जनरेटर आणि डिझेल

बॅटरी ही गल्ल्यातील रोकड आहे. लांबच्या तंगीत ती पुरत नाही. त्यासाठी डिझेल जनरेटर ठेवतात. टॉवरवर बहुधा १५ केव्हीएच्या आसपासचा जनरेटर असतो. थोड्या भारावरही तो ताशी दोनेक लिटर डिझेल खातो. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर तासाला १८० रुपये झाले. तासात ५ युनिट वीज उपयोगी पडली असे मानले तरी युनिटला ३६ रुपये पडतात. यात तेल, दुरुस्ती, डिझेल आणून ओतणाऱ्या माणसाची मजुरी आणि वाटेत होणारी चोरी धरलेली नाही. टॉवरच्या टाकीतून डिझेल आणि कपाटातून बॅटरी चोरीला जाणे हे या धंद्याचे जुने दुखणे आहे. म्हणून आता टाकीत तेलाची पातळी दाखवणारे यंत्र बसवतात, दार उघडले तरी दूरच्या नियंत्रण कक्षात इशारा जातो.

डिझेल जनरेटरला हलका भार मानवत नाही. मोठे इंजिन थोड्या भारावर तासन्तास चालले की त्यात काजळी साचते. म्हणून शहाणी पद्धत अशी की, जनरेटर चालेल तेव्हा त्याने टॉवरही चालवावा आणि बॅटरीही भरावी. बॅटरी भरली की तो बंद करून टॉवर पुन्हा बॅटरीवर घ्यावा. त्यामुळे इंजिनाचे तास आणि डिझेल दोन्ही वाचतात.

हा खर्च पाहता सर्व टॉवरांवर जनरेटर ठेवत नाहीत. दाट वस्तीतील गच्चीवर आवाज आणि धुराची तक्रार असते, छोट्या टॉवरला जागाच नसते, आणि वीज क्वचित जाते तेथे खर्च परवडत नाही असे कंपन्या म्हणतात. मग ते टॉवर केवळ बॅटरीवर राहतात, किंवा वीज गेल्यावर गाडीवर घालून फिरता जनरेटर आणला जातो. एका टॉवरची वीज गेली तर ही व्यवस्था ठीक आहे. पूर्ण जिल्ह्याची वीज गेली तर गाड्या मोजक्या आणि टॉवर शेकडो, अशी गत होते.

लिथियम आणि सूर्य

शिशाच्या जागी आता लिथियमच्या बॅटऱ्या येत आहेत. टॉवरवर बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी वापरतात. तिची किंमत जास्त, परंतु ती लवकर भरते, हजारो वेळा भरणे-उतरणे सोसते, वजनाला हलकी असते आणि उष्णताही शिशापेक्षा बरी सहन करते. जेथे वीज रोज येते-जाते तेथे तिचा खर्च भरून निघतो. जेथे वीज वर्षातून चार वेळा जाते तेथे शिशाची बॅटरी अजूनही किफायतशीर पडू शकते. दोन्हींत सरसकट चांगली-वाईट असे काही नाही.

सौरऊर्जेचे तसेच आहे. ३ किलोवॅटच्या टॉवरला दिवसाला ७२ युनिट लागतात. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल सरासरी ४ युनिटच्या आसपास देते आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे पूर्ण टॉवर सूर्यावर चालवायचा तर १८ किलोवॅटचे पॅनेल आणि १८०० चौरस फूट जागा हवी. टॉवरचा भूखंड क्वचितच एवढा असतो. म्हणून सूर्य डिझेलचा काही हिस्सा वाचवतो. सगळा भार उचलत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये असे उद्दिष्ट ठेवले होते की, ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरांतील २० टक्के टॉवर २०१५ पर्यंत अशा मिश्र विजेवर यावेत, आणि २०२० पर्यंत हे प्रमाण ७५ आणि ३३ टक्के व्हावे. त्या वेळी हेतू मुख्यतः डिझेल आणि धूर कमी करण्याचा होता. परंतु ज्या टॉवरजवळ पॅनेल आणि चांगली बॅटरी आहे तो संकटातही जास्त तग धरतो, हा त्याचा दुसरा फायदा.

कोकणातील जून २०२०

संकट म्हणजे काय हे कोकणच्या वाचकांना सांगण्याची जरुरी नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या तालुक्यांत विजेचे खांब हजारोंनी कोसळले. काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. मोबाइल सेवाही कोलमडली. त्या वेळी कोरोनाची टाळेबंदी होती. घरचे कर्ते पुरुष मुंबईत किंवा आखाती देशांत अडकलेले आणि गावात छप्पर उडालेले. घरची माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायलाही कित्येकांना दिवस लागले.

या ठिकाणी आठ तासांची बॅटरी काय करणार? जनरेटर असलेल्या टॉवरांनाही डिझेल हवे, आणि डिझेल न्यायचे तर रस्ता हवा. रस्त्यांवर झाडे पडलेली. त्यातही झाडे आणि खांब पडताना त्यांच्यावरून गेलेली फायबरची तार तुटते, मग वीज असलेला टॉवरही बोलू शकत नाही. वादळाने शिकवलेली गोष्ट ही की, पाठीमागची वीज म्हणजे केवळ बॅटरी नव्हे. बॅटरी, इंधन, रस्ता, तार आणि दुरुस्तीचा माणूस यांची ती साखळी आहे आणि सर्वांत कच्चा दुवा तुटतो तेथे सगळी संपते.

एक उपाय मात्र त्यानंतरच्या काळात जास्त वापरला जाऊ लागला आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे येत असताना सरकारने तेथील जिल्ह्यांत कंपन्यांना एकमेकांच्या जाळ्यावर ग्राहक घेण्याची मुभा दिली. एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर तिच्या ग्राहकाचा फोन दुसरीच्या चालू टॉवरवर लागतो. यात नवे यंत्र लागत नाही, फक्त वेळेवर हुकूम लागतो.

परदेशांतील अनुभव

श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर तेथील दूरसंचार आयोगाने २००७ साली टॉवरांना किमान आठ तासांची पाठीमागची वीज सक्तीची केली. कंपन्यांनी खर्चाचे कारण देऊन विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो नियम कधीच अमलात आला नाही. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात वणवा पेटू नये म्हणून वीज कंपनीनेच मोठ्या भागाची वीज मुद्दाम बंद केली. तेव्हा शेकडो टॉवर मुके झाले आणि मरीन परगण्यात तर निम्म्याहून अधिक. वणव्याची सूचना ज्या फोनवर यायची तोच बंद. अखेर २०२० साली त्या राज्याने वणव्याचा धोका असलेल्या भागांत ७२ तासांची तजवीज सक्तीची केली.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज दुपारी अचानक गेली. पहिले काही तास बऱ्याच लोकांचे फोन चालले. संध्याकाळकडे टॉवरांच्या बॅटऱ्या संपत गेल्या तसे जाळे विरत गेले. त्याच सुमारास लोकांना घरी पोहोचण्यासाठी फोनची सर्वांत जास्त गरज होती.

सरासरीच्या आड काय दडते

आपल्याकडे टॉवर बंद राहण्यावर नियंत्रण आहे. ट्रायच्या २००९ च्या नियमावलीत असे माप होते की, कंपनीच्या सर्व टॉवरांचा महिन्यातील बंद राहण्याचा एकूण वेळ २ टक्क्यांच्या आत असावा. महिन्याचे ७२० तास धरले तर २ टक्के म्हणजे १४ तास २४ मिनिटे. ऐकायला हे कडक वाटते. परंतु ही पूर्ण सर्कलची सरासरी आहे. शहरातील टॉवर एक मिनिटही बंद पडले नाहीत आणि एखाद्या डोंगरातील टॉवर महिन्यात ६० तास बंद राहिला, तरी सरासरी चोख राहते. त्याच नियमावलीत दुसरे माप होते: महिन्यात २४ तासांहून अधिक बंद राहिलेले टॉवर शंभरात दोनपेक्षा जास्त नसावेत. म्हणजे शंभरातील दोन गावे नियमात बसूनही अंधारात राहू शकतात.

ट्रायच्या २०२४ च्या नव्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. पूर्ण जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद त्यात आहे. नैसर्गिक आपत्ती मात्र वगळलेली आहे. तरतूद चांगली आहे, परंतु तिचे मापही जिल्हा हे आहे. एका पेठेचा किंवा एका गावाचा टॉवर रोज दुपारी दोन तास बंद राहिला तर या मापात तो पकडला जात नाही. अशा टॉवरसाठी तारीख-वेळ लिहून केलेली तक्रार हाच मार्ग उरतो. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पंचवीस दुकानदारांनी मिळून, महिन्याभराच्या नोंदी जोडून केलेल्या अर्जाला जे वजन येते ते एकट्याच्या रागावलेल्या फोनला येत नाही. कोणत्या टॉवरला नवी बॅटरी द्यायची हे ठरवताना कंपनी उत्पन्न पाहते आणि तक्रारीही पाहते.

दोन सिम, एकच टॉवर

पुष्कळ व्यापारी खबरदारी म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवतात. ही खबरदारी वाटते तेवढी पक्की नाही. आपल्याकडे टॉवर बहुधा टॉवर कंपनीच्या मालकीचे असतात आणि मोबाइल कंपन्या त्यावर जागा भाड्याने घेतात. आपली दोन्ही सिमे एकाच टॉवरवर आणि तो टॉवर एकाच बॅटरीवर चालत असेल, तर दोन्ही सोबतच जातात. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा एवढेच पाहावे की, दोन्ही सिमांच्या रेघा एका वेळी गेल्या की मागेपुढे. एका वेळी गेल्या तर दुसऱ्या सिमचा खर्च संकटापुरता तरी वाया आहे.

खरा दुसरा रस्ता तारेचा आहे. घरापर्यंत येणाऱ्या फायबर ब्रॉडबँडमध्ये मधल्या रस्त्यावर विजेची गरज नसते. काचेच्या तारेतून प्रकाश जातो. वीज लागते ती एक्स्चेंजच्या टोकाला आणि आपल्या दुकानातील छोट्या पेटीला. ही पेटी दिव्याच्या एका बल्बएवढी वीज खाते. तिला इन्व्हर्टरवर घ्यावे किंवा हजार-दोन हजारांचा छोटा बॅटरी-संच लावावा. मात्र जोडणी घेताना ऑपरेटरला एक प्रश्न अवश्य विचारावा: मध्ये कोठे विजेवर चालणारी पेटी आहे का, आणि तिला बॅटरी आहे का? काही स्थानिक ऑपरेटर खांबावर किंवा इमारतीच्या जिन्यात अशी पेटी ठेवतात, आणि तेथे वीज गेली की तारही मुकी होते.

ही तार चालू असेल तर फोनमधील वाय-फाय कॉलिंगची सोय चालू ठेवावी, म्हणजे टॉवर नसतानाही बोलणे होते. वाय-फायवर यूपीआयही चालते. परराज्यात ५० हजार रुपयांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते. वादळाची किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी वीज बंदची सूचना आली असेल तर जाणाऱ्या मालाची बिले आदल्या दिवशी तयार करून छापून ठेवावीत. कारागिरांच्या मजुरीपुरती रोकड हाताशी असावी. महत्त्वाच्या गिऱ्हाइकांचे आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर कागदावर उतरलेले असावेत.

गच्ची भाड्याने देणाऱ्यांसाठी

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या इमारतींवर टॉवर आहेत. भाडे चांगले येते, परंतु करार करताना काही गोष्टी पाहाव्यात. ६०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीचे वजन टनाच्या घरात जाते. जुन्या इमारतीची गच्ची ते पेलेल की नाही याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी घ्यावा आणि पुढे बॅटरी वाढवायची असेल तर पुन्हा घ्यावा. जनरेटर ठेवणार असतील तर तो आवाजरोधक पेटीत हवा. पेटीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा असा नियम आहे. धुराची नळी वर, शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर जावी. वीजमीटर टॉवर कंपनीच्या नावाने निराळा असावा.

याच्या बदल्यात मालकाचीही एक जबाबदारी येते. बॅटरीचा इशारा पहाटे तीनला गेला आणि डिझेल घेऊन आलेल्या माणसाला गच्चीची किल्ली मिळाली नाही, तर सकाळी त्या पेठेचे फोन बंद असतात. किल्ली कोणाकडे, रात्री कोणाला उठवायचे, हे करारातच लिहून ठेवावे. भाड्यावरून तंटा झाला म्हणून कुलूप लावणे हा तर अख्ख्या मोहल्ल्याला वेठीस धरण्याचा प्रकार आहे; त्या मोहल्ल्यात कोणी आजारी पडून रुग्णवाहिकेसाठी ११२ लावत असू शकतो. तंटा कायद्याने मिटवावा, वीज मात्र चालू राहू द्यावी.

टॉवरचे तास वाढवणे हे एकट्या दुकानदाराच्या हातात नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु आपल्या पेठेचा टॉवर वीज गेल्यावर किती वेळ चालतो एवढे मोजणे प्रत्येकाच्या हातात आहे. घड्याळ पाहून वीज गेल्याची आणि रेघा गेल्याची वेळ चार-सहा वेळा वहीत लिहावी. तो आकडा हाती आला की किती तासांचा बंदोबस्त स्वतः करायचा आणि किती तासांसाठी कंपनीकडे दाद मागायची, हे दोन्ही आपोआप ठरते.